राखणदाराची पितळी

गिरगाव, शुक्रवार, ६ जानेवारी १९५६

इंदूरहून निघताना आमच्या शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "कमळाबाई, जे बघाल ते त्याच दिवशी लिहून काढा. तुम्हाला बोलायची सवय आहे, लिहायची नाही." टोमणाच होता. पण घेतली वही.

कल्पना माझी, त्यामुळे तंगडतोडही माझी. शाळेतल्या मुलींना काशी-रामेश्वर तोंडपाठ, पण खानदेशात लोणी कशात कढवतात ते विचारा, गप्प! म्हणून ज्या गावी जाईन तिथल्या घरातली रोजची एक वस्तू आणायची, तिच्यामागची रीत लिहून घ्यायची आणि शाळेत एक कपाट भरायचं. बऱ्हाणपूर झालं, नाशिक झालं. आता मुंबई.

तात्यांनी (आईचे धाकटे भाऊ, माझे मामा) दारातच फैलावर घेतलं. "अगं, गोळीबार होऊन दोन महिने झाले नाहीत. दिल्लीहून काय निकाल येतो म्हणून सगळ्या गिरगावाचा जीव टांगणीला लागलाय, आणि तू भांडी गोळा करायला आलीस?"

म्हटलं, "तात्या, मुंबई महाराष्ट्राला मिळो न मिळो, माणसं जेवणार आहेतच ना?" यावर ते जे रुसले ते चहापर्यंत.

समोरच्या खोलीत शामराव म्हणून एक गृहस्थ राहतात. पोलिसात जमादार, हल्ली साध्या कपड्यांत फिरतात. बायको वारलीय, एकटेच असतात. नोव्हेंबरपासून चाळीत त्यांच्याशी कोणी धड बोलत नाही. तात्या बोलतात, कारण बुद्धिबळाला दुसरं कोणी मिळत नाही. मला पाहून शामराव उठून उभे राहिले. इंदूरचा सराफा बघायची फार इच्छा आहे म्हणाले. माणूस सभ्य वाटला.

रविवार, ८ जानेवारी

आज लालबागला गेले, आणि सापडली! वस्तू सापडली!

तात्यांकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईची मावसबहीण गंगुबाई तिथे खानावळ चालवते. मालवणाकडची. एका चाळीच्या तळमजल्यावर खोली, पुढे पडवी. गिरणीत काम करणारे तिच्या गावाकडचे पुरुष तिच्याकडे दोन वेळा जेवतात. बहुतेकांची बायका-मुलं गावी. भिंतीला एक लांब फळी आणि फळीवर ओळीने पितळ्या. पितळी म्हणजे उभ्या काठाची, आतून कल्हई केलेली थाळी. प्रत्येकीवर बारीक ठोक्यांनी नाव घातलेलं. राजाराम, धोंडू, गणपत. ज्याची पितळी त्याने गावाहून आणायची आणि त्यानेच तिच्यात जेवायचं. दुसऱ्याच्या पितळीला हात लावला तर मारामारी होते म्हणे. घर नाही, अंगण नाही, पाळीपाळीने झोपायची जागासुद्धा दुसऱ्याची. तेवढी पितळी काय ती आपली. मला हे फार आवडलं.

मी सरळ फळीवरची एक उचलली. नाव जयवंत, काठाला नक्षी, सुरेख. म्हटलं, "गंगुबाई, ही मला द्या, मी नवी आणून देते." तर त्या बाईने माझ्या हातातून हिसकावून घेतली हो! "ती नाय. दुसरी खयची पण मागा."

भाकऱ्या थापत बसलेली एक पोरगी होती, शेवंती. तिने मानसुद्धा वर केली नाही, पण हातातली भाकरी फाटली तिच्या.

परतताना बरोबर आलेल्या तात्यांकडच्या बाईने कानाशी लागून सांगितलं. शेवंती ही जयवंतची बायको. जयवंतवर वॉरंट आहे. नोव्हेंबरच्या मोर्चात कुणा पोलिसाला दगड मारला असा आरोप. तेव्हापासून तो मुलखाला पळाला. पोलीस दोनदा येऊन खोली उलटीपालटी करून गेले. सापडला तर फोडून काढतील, म्हणाली. तरीच पोरगी अशी वाळून गेलीय.

मंगळवार, १० जानेवारी

पुन्हा लालबाग. मला त्या पितळीचा ध्यास लागलाय. गंगुबाई "इल्या बाई" म्हणून कपाळाला हात लावते, पण पाट देते.

आज एक गोष्ट टिपली. (मोठ्या बाई म्हणतात मला फक्त बोलता येतं. डोळेही आहेत मला.) फळीवरच्या इतर पितळ्या सकाळी कोरड्या होत्या. जयवंतची तेवढी ओली, नुकती घासलेली. मी विचारलं, "जयवंत गावाला ना? मग ही ओली कशी?"

एकदम सगळं थांबलं. जेवणाऱ्यांचे हात थांबले, शेवंतीचं थापणं थांबलं. गंगुबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पुन्हा पुढे सारलं. मग म्हणाली, "ती आमच्या गावची रीत आसा."

मी वही काढली.

"माणूस संकटात असलो, लांब असलो, की तेची पितळी रिकामी ठेवची नाय. रोज तेचा जेवण वाढायचा आणि राखणदाराक नेवन ठेवायचा. राखणदार म्हंजे गावची राखण करता तो देव. त्या पितळीतला राखणदारान खाल्ला, की त्या माणसाची राखण तेच्यार. काय रे धोंडू?"

धोंडू म्हणून एक थोराड माणूस होता, तो घास गिळून म्हणाला, "व्हय. जुनी रीत."

"आणि इथे लालबागात राखणदार कुठे?"

मागच्या अंगाला गणपतीची शाळा आहे, मूर्ती घडवतात ती शेड. श्रावण जवळ येईपर्यंत बंदच असते. तिच्यामागे पिंपळ, त्याच्याखाली याचं ठाणं म्हणे. मी बघायला येते म्हटलं तर गंगुबाई कडाडली, "परक्या बाईन जावचा नाय! राखणदार कोपतलो!" बरं बाई, राहिलं.

पण काय रीत आहे! बऱ्हाणपूर-नाशकात मिळून जे मिळालं नाही ते एका पितळीत मिळालं. परतताना ट्राममध्ये मी एकटीच हसत होते. लोक बघत होते, बघोत.

गुरुवार, १२ जानेवारी

आज शेवंती पितळी घेऊन परत येताना पाहिली. वरून दुसऱ्या थाळीने झाकलेली, त्यावर पदर. भात-सांबार नेते आणि मासे! देवाला मासे! मी तोंडाला हात लावला, तर गंगुबाई म्हणते, राखणदार काय शेंडीचो भट नाय. त्याला कोंबडा लागतो, विडी लागते. आज पितळीत बांगड्याचे काटे होते, एका कडेला नीट लावून ठेवलेले, आणि विडीचं थोटुक. बाकी पितळी पुसल्यासारखी लख्ख.

मांजर असणार. गणपतीच्या शाळेत उंदीर फार, म्हणजे मांजरंही असणारच. शेवंतीपाशी बोलले नाही. बिचारीची श्रद्धा आहे, आपण कशाला दुखवा? वहीत मात्र लिहून ठेवते, शास्त्रीय दृष्टी सोडून चालायचं नाही.

शेवंतीला सहज म्हटलं, "काळजी करू नकोस, तुझा नवरा गावी सुखरूप असेल." तिने माझ्या वहीकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाई, तुमी ह्या लिवलात ता कोण वाचता?" म्हटलं, मुली वाचतील, शाळेतल्या, इंदूरला. "हय नाय ना कोण?" नाही गं. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. अडाणी माणसांना लिहिलेल्या कागदाचं किती भय वाटतं!

शनिवार, १४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घ्यायला शामराव आले. दारोदार तिळगूळ वाटला चाळीने, त्यांच्या दारावरून मात्र सगळे तसेच पुढे गेले. मला राहवलं नाही, मीच हाक मारली. एवढा मोठा माणूस, हातावर तिळगूळ घेताना डोळे खाली घातले त्याने.

मग बसले. तात्या डोळे मिटून पडले होते, म्हणून मीच बोलत राहिले. खानावळीचं सांगितलं, पितळ्यांचं सांगितलं. तेही तिकडचेच निघाले, देवगडचे. "आमच्याकडेही नाव घातलेली पितळी असते," म्हणाले. मग राखणदाराची रीत सांगितली. शामराव इतकं मन लावून ऐकत होते! असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता. कुठली खानावळ, शेड कुठल्या अंगाला, पितळी किती वाजता जाते, सगळं विचारलं. काट्यांचं आणि विडीचं पुन्हा सांगायला लावलं.

"नाव काय म्हणालात, पितळीवर?"

"जयवंत."

कप खाली ठेवला. "मी देवगडचा, पण ही रीत मला ठाऊक नाही," म्हणाले. म्हटलं, गावागणिक रीत बदलते, म्हणूनच तर लिहून ठेवायची. सोमवारी रजा नाही, पण दुपारी सवड काढून येतो, मला दाखवाल का म्हणाले.

दाखवीन म्हटलं. आता जरा वाटतंय, आधी गंगुबाईला विचारायला हवं होतं. पण सभ्य माणूस आहे, तिथल्याच मुलखाचा आहे. आणि लिहायचंच तर खरं लिहावं. कुणी आपल्याबरोबर आपलं काम बघायला येतो म्हणालं की बरं वाटतं. बस, एवढंच.

रविवार, १५ जानेवारी

उद्या अंजिरी लुगडं नेसावं की नेहमीचं? नेहमीचंच. छे, अंजिरी.

सोमवार, १६ जानेवारी

कसंबसं लिहितेय. अक्षर लागलं नाही तर नाही.

दुपारी शामराव आणि मी ट्रामने लालबागला गेलो. वाटेत ते म्हणाले, "बाई, तुम्ही फार मोठं काम केलंत." मी फुगले. रीतीबद्दल म्हणताहेत असं वाटलं मला!

खानावळीत दुसऱ्या पाळीचे लोक जेवायला बसत होते. मी दारातून मोठ्याने म्हटलं, "गंगुबाई, हे शामराव, आमच्या तात्यांचे स्नेही. राखणदाराची रीत बघायला आलेत." गंगुबाईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं. तांबडे, चकचकीत पॉलिशचे बूट. लालबागातली लहान पोरंसुद्धा ओळखतील ते कुणाचे. मलाच दिसले नव्हते.

शेवंती पितळी झाकून मागच्या दाराशी उभी होती. तिचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. रक्तच गेलं त्यातून. शामराव एक पाऊल मागच्या दाराकडे सरकले. धोंडू उठला, आणखी दोघे उठले, कुणाच्या हातात विळी आली. आता काय होतंय!

आणि गंगुबाई हसली. "इलात? येवा, येवा पावण्यानु! राखणदार आज आपल्या पायान चलान इलो. शेवंते, पितळी हय आण. आज भायर नेवची नाय. मांड पाट."

शेवंती हलेना. गंगुबाईने तिच्या हातातली पितळी काढून घेतली, पाटासमोर ठेवली आणि शामरावांच्या हातावर तांब्याने पाणी घातलं. दारात पाहुणा उभा, हातावर पाणी पडलेलं. आता बसू नको कसं म्हणणार? आणि न बसता पुढे जायचं तर धोंडू उभा. शामराव बूट काढून बसले.

"रीत बघूक इलात ना? मग आयका. जो ह्या पितळीत जेवता, तो पितळीच्या धन्याचो राखणदार. मगे तेना तेका सांभाळूचा. ह्या जेवण उष्टा करून दगो देवचो नाय." आणि पदर खांद्यावरून ओढून, हात जोडून तिने गाऱ्हाणं घातलं. गावाकडे देवळात घालतात तसं, मोठ्या आवाजात.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या पितळीचो धनी आज खय आसात थय, वाटेर आसात, आडवाटेर आसात, तेका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली एका आवाजात.

"तेच्या पाठी जो कोण लागलो आसात, तेची मती फिरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आज ज्या पावण्यान हेच्या पितळीत हात घातलो, तेचोय जीव सांभाळ. तेका दगड लागा नये, गोळी लागा नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यावेळी शामरावांचे ओठ हललेले मी पाहिले. लहानपणापासूनची सवय असणार, कोकणातल्या माणसाचा त्या हाकेला आपोआप होकार जातो. आपण काय म्हणालो ते ध्यानात आल्यावर त्यांचे कान लाल झाले. बराच वेळ नुसते भाताकडे बघत राहिले. शेवंती त्यांच्या बोटांकडे बघत होती. मग त्यांनी भात कालवला आणि जेवले. सगळं जेवले. बांगड्याचे काटे एका कडेला लावून ठेवले.

हात धुतले, बूट घातले, आणि मागच्या दाराकडे न बघता पुढच्या दाराने बाहेर पडले.

मी धावत मागे. रस्त्यावर म्हटलं, "शामराव, काय झालं? मला काही कळेना."

ते थांबले. "बाई, मांजर जेवलं तर काटे असे ओळीने लावून ठेवत नाही."

देवा! देवा रे! मी तिथेच दुकानाच्या पायरीवर बसले. जयवंत मुलखाला गेलाच नव्हता. शेडमध्ये होता. रीत नव्हतीच. मी ओली पितळी बघितली म्हणून गंगुबाईने उभ्या उभ्या रचली ती, आणि मी शहाणीने ती वहीत उतरवली, आणि संक्रांतीच्या दिवशी पोलिसाच्या हातावर तिळगुळाबरोबर ठेवली!

"तुम्ही सांगणार आता? चौकीत?"

"घरी जा बाई. संध्याकाळी रेडिओवर काहीतरी आहे म्हणतात. रस्त्यात राहू नका." एवढंच बोलून गेले.

आत्ता भाषण झालं. मुंबई महाराष्ट्राला नाही, दिल्ली स्वतःकडे ठेवणार. तात्या लहान मुलासारखे रडताहेत. खाली रस्त्यावर आरडाओरडा, काचा फुटताहेत. मला मुंबईचंही वाईट वाटत नाहीये, इतकी मी भयाने गोठलेय. त्या पोरीचा नवरा माझ्यामुळे पकडला जाणार.

बुधवार, १८ जानेवारी

कर्फ्यू. ठाकुरद्वारच्या बाजूने सतत गोळ्यांचे आवाज. खिडक्यांना गाद्या लावल्यात. शेजारणीचा भाऊ दूध आणायला म्हणून उतरला, तो अजून आलेला नाही. गिरगावात माणसं पडताहेत, लालबाग-परळला तर त्याहून अधिक म्हणतात. कोण मेलं, कोण जगलं, काही कळत नाही.

सकाळी शामराव कपडे बदलायला आले होते. मी जिन्यातच गाठलं. "सांगितलंत का हो? एवढं सांगा." डोळे लाल, दाढी वाढलेली. म्हणाले, "बाई, घोटभर चहा द्या." चहा पिऊन उठले. मी पुन्हा विचारलं. नुसती मान हलवली. हो म्हणाले की नाही म्हणाले, कोण जाणे! वरून बायकांनी "गोळ्या घालणारा आला" म्हणून ओरडून खरकटं ओतलं त्यांच्या अंगावर. पुसलंही नाही, तसेच गेले.

लालबागला निरोप पाठवायचा तर पाठवणार कसा? पाखरू फिरत नाही रस्त्यावर. आणि जयवंतला तिथून हलवणार तरी कुठे, दारोदार पोलीस असताना? एका जेवणाच्या भरवशावर तो माणूस त्या शेडमध्ये बसलाय. मी अन्नाला शिवले की मला ती पितळी दिसते. तात्यांना अजून सांगितलेलं नाही. धीरच होत नाही.

शनिवार, २१ जानेवारी

तात्यांना सांगितलं. मला वाटलं कडाडतील. ते म्हणाले, "कमळे, तुला कधी गप्प बसता आलंय का?" इतक्या हळू म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सोमवार, २३ जानेवारी

शामरावांच्या डोक्यात दगड बसला. काल दुपारी, नाक्यावर. इस्पितळात आहेत, शुद्ध नाही. आज कर्फ्यू जरा सैल झाल्यावर तात्या आणि मी जाऊन आलो. डोकं भलंमोठं बांधलेलं, तोंड सुजून ओळखू न येणारं. नर्स म्हणाली दोन दिवस काढले तर आशा. त्यांचं दुसरं कोणी आहे का विचारलं. तात्यांनी सांगितलं, आम्हीच.

ज्याने त्यांना दगड मारला तोही आपल्यातलाच कुणीतरी. त्याला मी वाईट म्हणू शकत नाही, आणि शामरावांनाही म्हणू शकत नाही. मग कोणाला म्हणायचं? माझं डोकं चालेनासं झालंय. त्यांनी चौकीत सांगितलं की नाही, ते आता कोणाला विचारायचं? उद्या लालबागला जाणार. तात्या नको म्हणताहेत, पण मी जाणार.

मंगळवार, २४ जानेवारी

ट्राम बंद. भायखळ्यावरून चालत गेले. सगळीकडे जळकं, विटांचे तुकडे, बंद दुकानं. खानावळीचं दार लावलेलं. हाक मारली तर आतून कडी निघायला इतका वेळ लागला की मी आणखी दोनदा हाक मारली.

गंगुबाई दारात उभी. माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, "आले?"

"कोण येवचे? कोणीच इलो नाय," ती म्हणाली.

मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. मोठ्याने, लाज सोडून. शेवंती पाणी घेऊन आली. माझ्यामुळे हे सगळं झालं आणि पाणी तिने आणलं. मग मी शामरावांचं सांगितलं. दगड, इस्पितळ, शुद्ध नाही. मी म्हटलं, "गाऱ्हाण्यात तर म्हणालात ना, दगड लागू नये? तरी लागला."

मला टोचून बोलायचं नव्हतं, पण गंगुबाईने ते फार मनाला लावून घेतलं. चुलीपुढे बसून राहिली. मग म्हणाली, "चूक माझीच झाली. पितळी जयवंताची आणि गाऱ्हाणा तेच्या जिवाचा. देव तरी काय करतलो? ज्याचो जीव तेचीच पितळी व्हयी." आणि माझ्याकडे वळून, "तेची पितळी खय आसा?"

"खोलीवर असेल. पण गंगुबाई, ही रीत तर तुम्ही रचलीत ना? मला फसवायला?"

"रचलंय. तुमचा तोंड बंद करूक रचलंय. तेव्हा ती खोटीच होती." पदराने डोळे पुसले तिने. "पण तो जेवलो ना? जेवलो आणि गप रवलो. आता कशी खोटी म्हणू?"

तशीच उलट गिरगावात आले. शामरावांच्या खोलीची किल्ली तात्यांकडे असते. फळीवर एकच पितळी होती. नाव त्यांचं नव्हतं. चंपा. त्यांची बायको. इतकी वर्षं ते तिच्या पितळीत जेवताहेत. मी अंजिरी लुगडं नेसले होते त्या दिवशी, ते आठवून अंगाला चटका बसल्यासारखं झालं. असो. पितळी पदराखाली घेतली. नाक्यावर हवालदाराने विचारलं, काय आहे? म्हटलं, आजाऱ्याचं जेवण. शेवंती रोज कशी जात असेल ते तेव्हा कळलं.

गंगुबाईने नावावरून बोट फिरवलं. "दोघांचीय राखण होयत," म्हणाली. भात वाढला, वर आमटी. मासे कुठले मिळायला या दिवसांत! शेवंतीने झाकलं आणि मला म्हणाली, "चला."

"परक्या बाईने..."

"चला वो."

शेडला पुढून कुलूप होतं, बाजूची एक फळी सरकवली. आत मातीचा वास, पोत्यांखाली झाकलेले साचे, नुसते हात, नुसत्या सोंडा. आणि त्यांच्यामागून एक जण उठला. पंचविशीचा असेल नसेल, दाढी वाढलेली, डोळे खोल. हा राखणदार! याला मी मांजर म्हणत होते.

शेवंतीने सांगितलं पितळी कुणाची, आणि का. तो उकिडवा बसला. हात पुढे करीना.

"दगड कोणी मारलो?" त्याने विचारलं.

कोणालाच ठाऊक नाही, म्हटलं.

"मीय मारललंय. नोव्हेंबरात. तो पोलीस मगे कसो आसा, ता मी कधी इचारूकच नाय." आवाज फाटला त्याचा. मग पितळी ओढून घेतली. घास घेण्याआधी काहीतरी पुटपुटला. शेवंतीने डोळे मिटून "व्हय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं. इंदूरची, शास्त्रीय दृष्टीची, मीसुद्धा.

शेवटचं शीत पुसून खाल्लं त्याने.

शनिवार, २८ जानेवारी

शामराव शुद्धीवर आहेत! परवा डोळे उघडले, आज बोलले. उद्या-परवाची मला गाडी आहे, पण तात्या म्हणतात राहा आणखी चार दिवस. राहीन.

जयवंत लालबागातून गेला. कुठे ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. गप्प बसायला शिकतेय. कपाटासाठी गंगुबाई राजारामची जुनी पितळी देत होती, मी नको म्हटलं. मोठ्या बाईंना सांगेन, मुंबईहून काही आणलं नाही. वहीतलं दहा तारखेचं पान फाडायला घेतलं होतं. फाडलं नाही, पण ही वही शाळेत जाणार नाही.

शेवंती अजून रोज शामरावांची पितळी वाढते. आता कोण जेवतं विचारलं, तर धोंडू म्हणाला, पाळी लावलीय आम्ही.

आज इस्पितळात पेज आणली, जस्ताच्या वाडग्यात. शामरावांनी नाक मुरडलं. "माझी पितळी घेऊन याल का खोलीवरून? फळीवरच आहे."

"फळीवर नाही," मी म्हटलं. "लालबागला आहे. वापरात आहे."

शेजारच्या खाटेवर एक पोलीसच होता, त्यामुळे जास्त बोलता येईना.

"कोण जेवतं तिच्यात?"

"मांजर," मी म्हटलं.

हसताना टाके दुखले त्यांना. हात डोक्याकडे गेला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसत राहिले. मग पेज प्यायले, सगळी.